तिघींसोबत चौथा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. नाशिकला आमचं मंगल कार्यालय आहे. ज्या बाईला लग्नसराईत रोज पाचशे माणसं आणि त्यांचे रुसवेफुगवे सांभाळायचे असतात, तिला भुताखेतांसाठी वेळ कुठून मिळणार? आमच्या वरपक्षाच्या खोलीत बांगड्या वाजतात असं एक आचारी गावभर सांगत फिरायचा. मी त्याला मुद्दाम त्याच खोलीत झोपायला लावलं आणि सकाळी विचारलं, काय वाजलं का? म्हणाला, डास फार आहेत ताई. तेव्हापासून आमच्याकडे तो विषय बंद आहे.

या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगते, हसायला वाचते. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त एक लक्षात ठेवा — माणसं मोजणं हा माझा धंदा आहे. दारातून वऱ्हाड आत शिरलं की पंगतीला किती पानं लागतील ते मी नजरेनं सांगते. कोणी मोजण्यात चुकलं तर ते का चुकलं, हेही मला बहुतेक वेळा कळतं.

तर... माझे बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. नोकरी इगतपुरीला. कसारा घाटाचा चढ असा आहे की मुंबईहून येणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं जोडावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. बाबांची बरीचशी नोकरी त्या बँकरवर गेली. कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला लागायचं, ढकलत ढकलत इगतपुरीला आणून सोडायचं आणि पुन्हा खाली जायचं. मी शाळेत ऐटीत सांगायचे की माझे बाबा गाडी चालवतात, तर घरी बाबा मला दुरुस्त करायचे. म्हणायचे, "चालवत नाही गं, ढकलतो."

इगतपुरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये पावसाळाभर कपडे वाळत नसत. आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर आमचे युनिफॉर्म वाळवायची, त्यामुळे वर्गात आम्हा सगळ्या रेल्वेवाल्यांच्या पोरांच्या कपड्यांना धुराचा वास यायचा. बाबांच्या ड्यूटीला काळवेळ नव्हती. ते कधीही आले तरी आई त्यांच्यासाठी जेवायची थांबलेली असायची. आम्हाला वाढून देऊन ती दाराशी बसायची. बाबा आले की दोघं स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची, आणि हळू आवाजात दिवसभराच्या गप्पा चालायच्या. मी पांघरुणातून ऐकायचे. त्या आवाजावर मला जशी झोप लागायची, तशी पुन्हा कधी लागली नाही.

रिटायर झाल्यावर दोघं नाशिकला आमच्याजवळच राहायला आली. एकदा टीव्हीवर लिस्बनची पिवळी ट्राम दाखवत होते. एकच डबा, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरांचे कठडे आणि त्यावर वाळत घातलेले कपडे, आणि चढ असा की बघूनच धाप लागावी. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. आईला हाक मारून म्हणाले, "अगं हे बघ, याला मागून कोणी ढकलत नाही. एकटी चढतेय." त्यानंतर लिस्बनचं खूळ जे डोक्यात बसलं ते बसलंच. दोघांचे पासपोर्ट काढले. फोटोसाठी बाबांनी जन्मात पहिल्यांदा टाय लावला, तोही माझ्या नवऱ्याचा. मग कधी गुडघ्याचं ऑपरेशन, कधी आमचाच सीझन, कधी भाचीचं लग्न, असं करत करत जाणं पुढेच ढकललं गेलं. आणि मागच्या वर्षी बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता.

आईने त्यानंतर रात्रीचं जेवण सोडलं. व्रत वगैरे काही नाही, भूक नाही म्हणायची. बोलणंही विचारलं तेवढंच. रडली नाही, बाबांचं नाव काढलं नाही. घरात असून नसल्यासारखी. माझी मुलगी सई कॉलेजला आहे, तिनेच हट्ट धरला की आज्जीला आपण लिस्बनला न्यायचं. मला त्या सहलीतून एकच गोष्ट हवी होती. आईने आमच्यात परत यावं.

निघालो ते मे महिन्यात, ऐन लग्नसराईत कार्यालय नवऱ्यावर सोपवून. विमान संध्याकाळचं होतं, म्हणून सकाळीच नाशिक सोडलं. मुंबईपर्यंत श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, सोडायला येणार होता. गाडीत आम्ही चौघं. घोटी मागे पडल्यावर आई एकदम म्हणाली की गाडी इगतपुरीत घ्या. श्रीकांतने मुकाट्याने हायवे सोडला, कारण सासूबाई स्वतःहून काही मागतायत हे वर्षभरात पहिल्यांदाच घडत होतं.

आमच्या जुन्या क्वार्टरच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे. श्रीकांतने चार चहा सांगितले. आई गाडीतून उतरली आणि रस्त्याकडेला खडीचा ढीग पडला होता तिकडे गेली. रुळांखाली घालतात ती काळी खडी. वाकून एकेक खडा बघत होती. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, चौथा.

तुम्हाला माहीत असेलच. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, तीन तिगाडा काम बिगाडा. निघावंच लागलं तर एक खडा नाहीतर सुपारी सोबत घ्यायची, की झाले चार. लहानपणी आई, मी आणि भाऊ मामाकडे निघालो की आई हे न चुकता करायची. मी म्हटलं, अगं विमानात दोन-तीनशे माणसं असतात. ती म्हणाली, ती त्यांच्या त्यांच्या घरची. श्रीकांतराव परत गेले की आपण तिघीच, आणि तिकडे एअरपोर्टवर दगड कुठून मिळायचा?

तिला लिंबाएवढा एक खडा पसंत पडला. तो तिने पदराने पुसला. चौथ्याला नुसतं उचलून चालत नाही, चल म्हणून बोलवावं लागतं. लहानपणी ती खड्याला "चल रे बाबा" म्हणायची. या वेळी अगदी हळू म्हणाली, "चला. निघायचं ना?" मी तिकडे पाठ करून उभी राहिले.

टपरीवाल्याने चहा आणला, तर ट्रेमध्ये पाच ग्लास. श्रीकांत म्हणाला, चार सांगितले होते. त्याने आमच्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. "मला वाटलं पाच हाय तुम्ही," म्हणाला आणि एक ग्लास परत घेऊन गेला. तेव्हा मला यात काहीच विशेष वाटलं नाही. गर्दीच्या वेळी आमचे वाढपीसुद्धा चुकतात.

मुंबईला एअरपोर्टवरून श्रीकांत परत फिरला आणि आई डगमगली. मी येऊन काय करू गं, तुम्ही दोघी जा, मला घरी सोडा, असं सुरू झालं. सईने तिचा हात धरला तो काउंटरपर्यंत सोडला नाही. काउंटरवरची मुलगी मान वर करून म्हणाली की चौघांना सलग जागा देते, फक्त चौथा पासपोर्ट द्या. मी म्हटलं, तिघीच आहोत. तिने माझ्या मागे पाहिलं, सॉरी म्हणाली. सिक्युरिटीला आईची पर्स उघडली. तिथल्या बाईने खडा हातात घेऊन वळवून पाहिला, आईकडे पाहिलं आणि काही न विचारता परत ठेवला. तिच्याही घरी ही पद्धत असावी.

विमानात मधल्या चार सीटच्या रांगेत आम्ही तिघी, आणि कडेची चौथी सीट रिकामी. विमान खचाखच भरलेलं होतं, ही एकच जागा मोकळी. जेवण आलं तेव्हा एअरहोस्टेसने चौथ्या सीटसमोरचं टेबल उघडून तिथेही ट्रे ठेवला. मी सांगितलं की इथे कोणी नाही. ती गोंधळली. तिला वाटलं होतं, गृहस्थ उठून गेलेत. आई म्हणाली, राहू दे तो ट्रे, असू दे. मी मनात म्हटलं, झालं, एका रिकाम्या सीटचा घोळ आहे.

दुबईला विमान बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी लिस्बनला उतरलो. ऊन लख्ख होतं, पण नाशिकच्या मेपुढे काहीच नाही. टॅक्सीवाला वयस्कर होता. आम्ही तिघी मागे बसलो. त्याने सामान ठेवलं, मग पुढचं दार उघडून धरलं आणि उभा राहिला. वाट बघतात तसा. मी आतून सांगणार, एवढ्यात त्याने ते दार हळूच लावलं. कोणी बसल्यावर त्याचा हात सापडू नये म्हणून आपण लावतो ना, तसं. सईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

गल्ली इतकी चढाची होती की टॅक्सी खालीच थांबली. बॅगा ओढत वर गेस्टहाऊसला पोचलो. मालकीण दारातच होती, गोड बाई. खोली तिघींची, तीन पलंग, सगळं बरोबर. पण टेबलावर टॉवेल चार आणि पाण्याचे ग्लास चार. आता मात्र माझं डोकं फिरलं. मोबाइलवरचं बुकिंग तिच्यासमोर धरून मी म्हटलं, थ्री. आम्ही थ्री आहोत. तिने मान डोलावली, म्हणाली, हो, बुकिंग तीनचंच आहे. पण तुम्हाला गल्ली चढून येताना मी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि मोजून टॉवेल ठेवले. एवढं बोलून ती स्वतःच थांबली. मग एक टॉवेल उचलून, घडी छातीशी धरून निघून गेली.

दार लागल्यावर सई पलंगावर बसली. "आई, चहावाला, काउंटर, विमान, टॅक्सी, आणि आता ही," असं बोटांवर मोजायला लागली. मी तिला गप्प केलं. म्हटलं, प्रवासाचा शीण आहे, आणि लोकांना सवय असते, बायका आल्या की सोबत पुरुष असणारच असं धरून चालतात. हे मला स्वतःला बऱ्यापैकी पटलं होतं. आई खिडकीशी उभी होती. मागे न वळता म्हणाली, "अगं, चौथा घेतलाय ना आपण? मग लोक चारच मोजणार."

अगदी साधेपणाने म्हणाली. आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. खड्याची नव्हे, आईची. कारण ती खूश होती. केस विंचरत होती, स्वतःशी हसत होती. मी जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती आमच्याकडे परत यायच्या ऐवजी त्या खड्याबरोबर कायमची तिकडेच राहिली तर? पुढे आयुष्यभर तिच्यासाठी रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडायचं? मी ठरवलं की रात्री ती झोपली की तो खडा पर्समधून काढून टाकायचा. आईला कळलं असतं तर तिने मला कधी माफ केलं नसतं, हेही माहीत होतं.

संध्याकाळी ट्रामला निघालो. संध्याकाळ म्हणायची घड्याळाप्रमाणे, ऊन जायचं नाव घेत नव्हतं. पहिल्याच स्टॉपवर चढलो म्हणून जागा मिळाली. आत लाकडी बाकं, एका बाजूला एकेकट्या सीट, दुसऱ्या बाजूला दोघांच्या. सई आणि मी पुढेमागे एकेकट्या सीटवर बसलो. आई शेवटच्या दोघांच्या सीटवर बसली, पण खिडकीशी नाही. खिडकी मोकळी सोडून अलीकडे बसली. पर्समधून खडा काढून तिने खिडकीजवळच्या जागेवर ठेवला.

बघता बघता ट्राम भरली. माणसं दांडीला लोंबकळत उभी. एक जाडजूड गृहस्थ दमून त्या सीटपाशी आले, बसणार असं वाटलं, मग मान लववून पुढे सरकले. हातात पिशव्या घेतलेली एक म्हातारी आली, तिने तिकडे बघून आईला काहीतरी हसून म्हटलं आणि तीही उभीच राहिली. एवढ्या गर्दीत ती जागा कोणी मागितली नाही. लिंबाएवढा खडा गर्दीत कोणाला दिसतो हो? मला माझ्या सीटवरून दिसत नव्हता.

चढ लागला. ट्राम करकरत वळणं घेऊ लागली, कठड्यावरचे वाळते कपडे खिडकीला लागतील इतके जवळून जायला लागले. आणि आई बोलायला लागली. मला वळून ऐकावं लागत होतं. ती माझ्याशी बोलत होती की खिडकीशी, हे आजही सांगता येणार नाही. घाटात धुकं असायचं तेव्हा पुढचा डबासुद्धा दिसायचा नाही म्हणे. अख्खी गाडी चढून इगतपुरीला यायची, लोक उतरून चहा प्यायचे, आणि मागून ढकलणारा माणूस कोणाला दिसायचाही नाही. तो तसाच गाडी सोडून खाली जायचा. "एकदाही कुणी मागे येऊन बघितलं नाही," आई म्हणाली. "पण त्यांना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, गाडी वर पोचली ना, मग झालं."

तो पाटावरचा हळू आवाज होता. इतक्या वर्षांनी तस्सा. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. आई उतरली, तिने पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली आणि चालायला लागली. मला वाटलं विसरली. मी म्हटलं, "आई, खडा राहिला गं आत."

"राहिला नाही. ठेवला," ती म्हणाली. "पोचल्यावर चौथ्याला चांगली जागा बघून मोकळं करायचं असतं. परत ओढून न्यायचं नसतं त्याला." मग म्हणाली, "बसू दे त्यांना तिथे. दिवसभर वरखाली करतील. चल, मागे वळून बघू नकोस. मला भूक लागलीय."

भूक लागलीय. वर्षभर ज्या शब्दासाठी मी देवाला हात जोडले होते — हो, मी, जी देव मानत नाही — तो शब्द ऐकला आणि तरी मी मागे वळून बघितलं. ट्राम परत जायला निघाली होती. नवी गर्दी आत चढली होती, दारापर्यंत माणसं उभी. खिडकीजवळची ती जागा आणि तिच्या अलीकडची, दोन्ही रिकाम्या होत्या. ट्राम उतारावर वळून दिसेनाशी झाली.

जवळच एक छोटं हॉटेल होतं, बाहेर फुटपाथवर टेबलं मांडलेली. वेटर लांबूनच आम्हाला बघून पुढे आला. त्याने हसून तीन बोटं वर केली. "थ्री?"

दोन दिवस मी सगळ्यांना हेच ओरडून सांगत होते. आणि आता नुसतं हो म्हणायचं होतं. मला म्हणता येईना. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. तेराव्याच्या दिवशीसुद्धा मी दारात उभी राहून पानं मोजत होते, कारण ते मला येतं. आणि इथे, एका परक्या देशात, एका परक्या माणसाने बरोबर मोजल्यावर मी त्याच्यासमोर ढसाढसा रडायला लागले. बिचारा घाबरला. सईने मला धरलं.

इंग्रजीचा एक शब्द न येणारी माझी आई पुढे झाली. तिने त्याला तीन बोटं दाखवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तीनच गं बाळा. बस आता. जेवून घे."

आणि ती पोटभर जेवली. भात होता, बटाटे होते, ब्रेड होता. मिरची नाही म्हणून नावं ठेवत जेवली.

त्यानंतर मी खूप डोकं चालवलं. दमलेली काउंटरवरची मुलगी, विमानातली मोकळी सीट, म्हातारा टॅक्सीवाला. एकेकाला काही ना काही कारण देता येतं. गेस्टहाऊसच्या बाईला देता येत नाही, पण तेही असू दे, बायका खिडकीत उभ्या राहिल्या की काहीही बघतात. मला न सुटणारं कोडं वेगळंच आहे. इतके लोक इतक्या ठिकाणी चुकत होते, आणि त्या ट्राममधून उतरल्यावर एकही माणूस चुकला नाही. माझ्या धंद्यात मोजण्याच्या चुका अशा एका क्षणात कधी थांबलेल्या मी पाहिल्या नाहीत. सकाळी नाश्त्याला मालकिणीने न विचारता तीन बशा मांडल्या.

आई आता बरी आहे. रात्री जेवते, भांडते, बाबांचं नाव दिवसातून दहादा काढते. राहिली गोष्ट माझी. लिस्बनला आम्ही आणखी आठवडाभर होतो, आणि प्रत्येक हॉटेलच्या दारात मी वाट बघायचे की आता तरी कोणी चुकेल, चार म्हणेल. कोणी चुकलं नाही.